काचेवरची एकच फिल्म

कल्याण,
मंगळवार, ३ मे २००५

चि. रोशनी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल वॉर्डाच्या दारात तू मला म्हणालीस, "जे सांगायचंय ते लिहून द्या. तोंडानं तुम्ही काय पण बोलता. आणि परक्या माणसाला सांगतात तसं लिहा, पहिल्यापासून." सव्वा वर्षात तुझा आवाज तेवढाच ऐकला. मग तू आत गेलीस आणि पडदा ओढून घेतलास. म्हणून बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. तुझ्या आईच्या हाती देईन.

परक्या माणसाला सांगायचं तर असं. मी रेश्मा विशे. शहापूरच्या कॉलेजात अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवते, राहते वाशिंदला. तुझे वडील चांगो पारधी आमच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. सगळे त्यांना चांगोमामा म्हणतात. त्यांचं घर सिद्धगडाखालच्या पाड्यावर, पण नोकरीसाठी आठवडाभर सापगावात खोली घेऊन राहतात. तू माझी विद्यार्थिनी. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तू माझ्याबरोबर लॅबमध्ये काम केलंस आणि मग एम.एस्सी.ला पुण्याला गेलीस. त्यानंतर आपल्यात थोडा गैरसमज झाला.

माझं पीएच.डी.चं काम पॉलिअॅनिलीनवर आहे. हे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. काचेवर त्याचा पातळ थर चढवायचा, आम्ही त्याला फिल्म म्हणतो. तिला दिलेला विजेचा दाब कमीजास्त केला की तिचा रंग बदलतो. फिकट पिवळा, मग हिरवा, मग निळा, शेवटी जांभळट. त्या थरात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण बसवले तर रंग फार झटकन बदलतो आणि फिल्म जास्त टिकते, असा माझा प्रबंध आहे. उद्या खिडकीच्या काचा बटण दाबून गडद करता येतील, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात.

फिल्म बनते अॅनिलीनपासून. ते तेलासारखं असतं, वास कुबट, माशासारखा. विषारी. कातडीतूनसुद्धा आत जातं. जुनं झालं की काळपट पडतं, मग उकळून त्याची वाफ थंड करून स्वच्छ करून घ्यावं लागतं.

रविवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. थोडं काम उरकायचं म्हणून आम्ही दोघं लॅबमध्ये आलो होतो. मी फोन करायला बाहेर गेले होते, तेवढ्यात थोडं अॅनिलीन मामांच्या अंगावर सांडलं. दुपारी त्यांना चक्कर आली. मी त्यांना रिक्षात घालून शहापुरातल्याच डॉक्टरांकडे नेलं. तिथे आधी ऊन लागलं असं वाटलं. मग रक्त काढलं तर ते काकवीसारखं तपकिरी निघालं. अॅनिलीन रक्तात गेलं की रक्त प्राणवायू धरतच नाही. लगेच जीपमधून कल्याणला आणलं.

एक गोष्ट सांगते, तुला राग येणार असला तरी. निघताना मी धावत कॉलेजात जाऊन प्राणिशास्त्राच्या कपाटातली मेथिलीन ब्लूची बाटली पर्समध्ये घातली होती. या विषावर तेच औषध, हे मला पुस्तकातून माहीत होतं. इथल्या डॉक्टरबाईंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे स्लाइड रंगवायचं आहे. हे शिरेत घातलं तर आणखी एका गोष्टीनं मरतील." इंजेक्शनचं औषध ठाण्याहून यायला एक तास लागला. त्या तासात तुझ्या वडिलांचे ओठ, नखं, कानांच्या पाळ्या, सगळं निळं होतं. तो निळा मी रोज काचेवर बघत आले आहे. मला तिथे उभं राहवेना.

आता ते बरे आहेत. डॉक्टरबाई म्हणतात धोका टळला. तू निर्धास्तपणे परीक्षेला जा.

तुझी,
रेश्मा मॅडम


कल्याण,
सोमवार, ९ मे

रोशनी,

तू बुधवारी पुण्याला गेलीस. शनिवारी मामांची तब्येत पुन्हा बिघडली. त्यांनी निक्षून सांगितलं, "पोरीला कळवू नका, तिचा पेपर हाय." तुझ्या आईनं, गंगीवहिनींनीही, हात जोडले. मी ठरवलं होतं की हे पत्र लिहून ठेवावं आणि तुझी परीक्षा संपली की टाकावं. मग लक्षात आलं, लपवायची चांगली कारणं मला नेहमीच सापडतात. आजच टाकते आहे.

औषध दिल्यावर पहिले दोन दिवस त्यांची लघवी निळी व्हायची. मामांना गंमत वाटली होती. "आता माझीच फिल्म झाली," असं ते गंगीवहिनींना म्हणाले. शनिवारी सकाळी ती काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे, जिना चढल्यासारखा श्वास. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लाल पेशी फुटतायत. हे विष असंच असतं, पहिल्या धक्क्यातून माणूस वाचतो आणि सहा दिवसांनी पुन्हा पडतो." मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं अॅनिलीन हाताळलं आणि पुस्तकाचं तेवढं एक पान मी वाचलेलं नव्हतं.

दोन बाटल्या रक्त चढवलं. कॉलेजच्या ऑफिसातला दामू रक्त द्यायला आला. माझं रक्त जुळत नव्हतं. खरं सांगायचं तर ते जुळत नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं, इतकी मी घाबरलेली होते. सुईला नव्हे. त्यांच्याजवळच्या पलंगावर आडवं पडून त्यांच्याकडे बघावं लागेल, याला.

काल दुपारपासून उतार आहे. रक्तातला आकडा थोडा वर आला. पण डॉक्टरबाई आता "धोका टळला" म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आम्ही दोघं काम उरकायला आलो. ते नीट लिहिते.

त्यांना मी बोलावलं. परवानगी घेतली नव्हती. सोळा तारखेला माझी मौखिक परीक्षा होती आणि परीक्षकांनी माझ्या मार्गदर्शकांकडे, मुंबईच्या सरांकडे, निरोप दिला होता की फिल्म समोर रंग बदलताना बघायची आहे. माझ्याकडे तशी फिल्म नव्हती. दोन वर्षं प्रयत्न करून माझ्या हातून एकही झाली नव्हती. तू करायचीस तेव्हा मामा शेजारी उभे असायचे. काच किती वेळ धुवायचीस, चांदीचं पाणी कधी घालायचीस, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून बोलावलं.

रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. अकराच्या सुमाराला वीज गेली आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा बंद पडला. अॅनिलीन उकळत होतं, खाली शेगडी गॅसची, ती चालूच. मी ती बंद करायला हवी होती. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बघा जरा, मी सरांना फोन करून येते." अर्ध्या तासानं परत आले तेव्हा खोलीत तो कुबट वास भरलेला होता. मामा फडक्यानं फरशी पुसत होते.

"गरम व्हती ना, हातातनं निसटली," ते म्हणाले. "थोडीच सांडली. पुसलं मी."

त्यांच्या विजारीवर मांडीपासून खाली ओला डाग होता. मला तो दिसला. मी विचारलं, "किती उरलंय?"

हे मी विचारलं, रोशनी. बाटलीत किती उरलंय.

"पुरल तुमाला," ते म्हणाले.

एक वाजता वीज आली. आम्ही फिल्म करायला बसलो. ते त्याच विजारीत अडीच तास माझ्याजवळ उभे राहिले. मधे एकदा म्हणाले, डोकं जड झालंय. मी म्हटलं, पाच मिनिटं, होतंच आलंय.

रेश्मा


वाशिंद,
मंगळवार, २४ मे

रोशनी,

तुझं कार्ड मिळालं. "पत्रं मिळाली. पेपरमधल्या पाचांबद्दल लिहा." पोस्टमननं ते वाचून माझ्या हातात दिलं असणार, पण त्याला काय कळणार. मला मात्र कळलं.

आधी तुझ्या वडिलांचं. शुक्रवारी त्यांना घरी सोडलं. गंगीवहिनी त्यांना पाड्यावर घेऊन गेल्या. अशक्तपणा फार आहे, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी कॉलेजची चौकशी समिती त्यांच्याकडे हॉस्पिटलात आली. तिघेजण होते आणि लिहून घ्यायला दामू. मलाही बोलावलं होतं. मामांनी सांगितलं, "मॅडमनी मला हात लावू नको म्हणून सांगितलं व्हतं. मीच आगावपणा केला. बाटली माझ्या हातनं पडली. मॅडमचा काय दोष नाय." दामूनं लिहिलं, मामांनी अंगठ्यानं नव्हे, सही करून दिलं. ती सही तूच त्यांना शिकवलीस ना? "चां" वरचं टिंब त्यांनी फार जपून दिलं.

मी तिथेच होते. मी म्हणू शकले असते, हे खोटं आहे. मी काय केलं? मी मान खाली घातली. मला वाटलं, किती माया आहे या माणसाची माझ्यावर. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि पाण्याच्या मागे, रोशनी, सुटल्याचा आनंद होता. तो मला ओळखता आला, म्हणून मला माझीच भीती वाटली.

वॉर्डातून बाहेर पडले तर दामू म्हणाला, "मॅडम, आता त्यांच्या नोकरीचं कठीण आहे. सुट्टीच्या दिवशी विनापरवानगी शिरून नुकसान केलं, असं लागेल. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला." मी म्हटलं, बघू या काहीतरी करता येतं का.

आता पाच.

जून २००३ मध्ये तू एक फिल्म केलीस. सोमवार होता. मी वर्गावर गेले होते. परत आले तर तू यंत्राजवळ तोंडावर हात धरून बसली होतीस. मी विचारलं काय झालं, तर तू नुसतं बोट दाखवलंस. आपल्या बाकीच्या फिल्मना हिरव्यातून निळ्यात जायला चार-पाच सेकंद लागायचे आणि शंभरेक वेळा बदलल्या की कडेपासून पोपडे सुटायचे. ही पापणी लवायच्या आत निळी व्हायची. आपण सबंध दुपार मोजत बसलो. दोन हजार वेळा बदलली, रंग जरासुद्धा उतरला नाही. मामांनी सगळ्यांना गुळाचा चहा केला होता.

दुसऱ्या दिवशी तेच पाणी, तीच काच, तेच माप. झाली नाही. त्या महिन्यात आपण सव्वीस केल्या. एकही तशी झाली नाही. काय वेगळं होतं त्या सोमवारी, ते तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, अजून नाही.

पेपर लिहिताना मी "पाच फिल्मवर हाच परिणाम मिळाला" असं लिहिलं. एका फिल्मचं कुणी छापत नाही. मला वाटलं, आज ना उद्या होतीलच, तोवर आकडा लिहून ठेवू. कच्चा मजकूर तुला वाचायला दिला. तू वाचलास आणि म्हणालीस, "पण मॅडम, एकच झाली ना?"

इतकंच म्हणालीस. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. त्या रात्रीपासून मी तुला घाबरायला लागले.

पेपर तुझ्या नावाशिवाय छापून आला. तुला वाटलं असेल, ठाकरांची पोर म्हणून मॅडमनी नाव गाळलं, किंवा श्रेय एकटीला हवं होतं म्हणून. लोकांना मी सांगितलं, ती फक्त उन्हाळ्यापुरती मदतीला होती. खरं कारण हे की नाव घातलं असतं तर तुझी सही लागली असती. आणि तू पाचावर सही केली नसतीस.

काल मुंबईच्या सरांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रेश्मा, प्रत्येक आकडा कोण तपासत बसतो? परीक्षा पुढे ढकललीच आहे, तू शांत हो. आणि हे कागदावर कुठे लिहू नकोस." मी त्यांना सांगितलं नाही की लिहायला सुरुवात केली आहे.

रेश्मा


वाशिंद,
गुरुवार, २ जून

रोशनी,

"शहापूरच्या कागदावर दाखल चार वाजता. रक्त काढलं चार चाळीसला. मधे काय झालं?"

तुझं हे दुसरं कार्ड मी तीन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. माझ्या आईनं काढून वाचलं आणि विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, विद्यार्थिनी अभ्यासाचं विचारते आहे.

तू वेळा बघितल्यास. मी शिकवलेलं आहे ते, आधी वेळ लिहायची, मग निरीक्षण. दोनदा लिहायला बसले आणि फाडून टाकलं. आता न थांबता लिहिते.

साडेतीनला मामा स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. मला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, त्याच क्षणी. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवतात ते, मी स्वतः शिकवलेलं आहे. ते सरकत फरशीवर आडवे झाले. बोलता येईना. मी रस्त्यावर धावले, रिक्षा आणली, रिक्षावाल्यानं आणि मी त्यांना उचललं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं यांना?"

मी म्हटलं, "ऊन लागलं."

डॉक्टर म्हणाले, "काही खाल्लं, प्यायले? काही औषध वगैरे?"

मी म्हटलं, "नाही. सकाळपासून उन्हात होते."

त्यांनी सलाइन लावलं, नाकाला प्राणवायू लावला. ओठ सुधारेनात. ते हृदयाची तपासणी करायला लागले. मी कोपऱ्यात उभी होते. डोक्यात काय चाललं होतं ते सांगते, कारण तू विचारलं आहेस. परवानगी नव्हती. खिडक्या बंद होत्या. सोळा तारीख. अॅनिलीन म्हटलं की कशासाठी, हे विचारतील. कशासाठी म्हटलं की फिल्म, फिल्म म्हटली की पाच. मला वाटत होतं, कदाचित एवढ्यावरच निभावेल, प्राणवायूनं येतील शुद्धीवर. भिंतीवरच्या घड्याळात काटा सरकत होता आणि मी दर पाच मिनिटांनी म्हणत होते, आणखी पाच मिनिटं बघू.

तुझ्या वडिलांचे हात थंड पडत गेले. मी ते धरले होते. धरून गप्प होते.

डॉक्टरांनी रक्त काढलं, नळी उजेडाकडे धरली आणि ते दचकले. "हा काय रंग आहे?" तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अॅनिलीन." ते माझ्याकडे वळून ओरडले, "मग इतका वेळ काय करत होतात?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मामांची विजार कात्रीनं कापली, नर्सला पाणी ओतायला लावलं, कल्याणला फोन लावला. त्यांनी कागदावर यातलं काही लिहिलं नाही. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरून सुन्न झाली होती.

मी सुन्न नव्हते. मी विचार करत होते. चाळीस मिनिटं.

ते मेले असते तर मी हे कधीच कुणाला सांगितलं नसतं. हे मला पक्कं माहीत आहे, आणि याच्याहून जास्त भीती मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

आज सकाळी कॉलेजात जाऊन हेच सगळं समितीपुढे लिहून दिलं. खिडक्या, पंखा, विजार, चाळीस मिनिटं. चांगो पारधी यांचा जबाब खरा नाही, चूक माझी आहे, असं लिहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला कुणी धमकी दिली आहे का?" मी म्हटलं नाही. दामूनं माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. ज्या मासिकात पेपर छापला त्यांना पत्र पाठवलं की फिल्म एकच होती, ती रोशनी चांगो पारधी यांनी केली होती, आणि पुन्हा कधी करता आली नाही. विद्यापीठाला प्रबंध मागे घेतल्याचं कळवलं. तिन्ही पत्रांच्या प्रती सोबत आहेत. तारखा आणि शिक्के तपासून घे.

पोस्टातून निघाले ती रिक्षानं थेट घरी आले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. लोक म्हणतात तसं होत नाही.

रेश्मा


वाशिंद,
सोमवार, २० जून

रोशनी,

तुझ्या परवानगीशिवाय मी काल पाड्यावर गेले होते. तुला कळायच्या आत मीच सांगते.

समितीचा निर्णय शुक्रवारी लागला. मामांवर ठपका नाही. नोकरी राहिली, आजारपणाची रजा धरली जाईल, आणि यापुढे त्यांना ग्रंथालयात काम देणार आहेत. मी निलंबित आहे. मुंबईच्या सरांनी माझा फोन घेणं बंद केलं. हे मामांना कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी मला स्वतः सांगायचं होतं. आणि ती चाळीस मिनिटंही सांगायची होती. ती त्यांना ठाऊक नसताना त्यांनी मला वाचवलं, हे मला सहन होत नव्हतं.

मुरबाडहून एसटी, मग चिखलातून दीड तास. आवणात भाताच्या लावणीची तयारी चाललेली. गंगीवहिनींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. मामा ओटीवर बसले होते. अकरा वर्षांत मी खोलीत आले की ते उठून उभे राहायचे; भिंतीला टेकून, हात मागे. काल उठले नाहीत. मला वाटलं, अंगात ताकद नसेल.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय म्हटलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हाइत हाय मला."

"कसं?"

"मी आयकत व्हतो ना मॅडम. तोंड चालत नव्हतं, कान चालत व्हतं. तुमी डाक्तराला बोलल्या, ऊन लागलं. मी मनात म्हनत व्हतो, बाय सांग गो, सांग गो. तुमचा हात माझ्या हातात व्हता. मी दाबला पन. तुमाला कळला नाय."

मला त्यांचा हात आठवत होता. तो थंड होता, एवढंच आठवत होतं.

"मग समितीला तसं का सांगितलंत? माझा दोष नाही म्हणून?"

गंगीवहिनी चुलीपाशी होत्या, त्या थांबल्या. मामा गडाकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. तुला आधीच्या पत्रात लिहिलं होतं की मला ती माया वाटली. तेच शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकायला आले होते, हे मला तिथे उभं असताना कळलं.

ते म्हणाले, "मी भ्यालो तुमाला."

ते माझ्याकडे वळले.

"तुमी शुक्रवारी काय बोलल्या आठवतंय काय? मी सांगत व्हतो, रविवारी गावाला जायाचंय, घर शाकारायचं हाय. तं तुमी बोलल्या, मामा, रोशनीच्या पुढच्या शिक्षणाच्या शिफारसपत्राचं माझ्याच हातात हाय, बघते मी, तुमी रविवारी या. मी घरी आलोच नाय. हिला विचार. मला वाटला, ही बाय पोरीचं नाव पेपरातनं काढू शकते, तं पुढचा पन काय पन करल. म्हून आलो. म्हून विजार बदलाया मागितली नाय, तुमी चिडाल म्हून. म्हून त्या तिघांना तसा सांगतला. पोरगी शिकली पायजे, मी काय, झाला माझा."

मी ते वाक्य बोलले होते, रोशनी. एकोणतीस एप्रिलला, वह्या तपासता तपासता. मला ते धमकी म्हणून बोलल्याचं आठवत नाही. मला ते आठवतच नव्हतं. दोन वर्षं मी लपत होते, मुंबईच्या सरांना घाबरत होते, परीक्षकांना, पोस्टमनला, तुला. कुणीतरी मला घाबरून जीव मुठीत घेऊन त्याच विजारीत माझ्याजवळ अडीच तास उभं राहिलं, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

मी म्हटलं, "मामा, आता माझ्या हातात काही नाही. शिफारसपत्र मी दिलं तरी कुणी ते धरणार नाही."

"हां," ते म्हणाले. "दामूनं सांगितला. म्हून तं बोललो."

तुझी २००३ सालची वही या पत्राबरोबर रजिस्टरनं पाठवते आहे. सव्वीस न झालेल्या फिल्म त्यात आहेत, तुझ्या अक्षरात, वेळांसकट. आणि ती एक. त्या पानावर मी नंतर पेन्सिलीनं "५" लिहिलं होतं. खोडलेलं नाही, तसंच आहे. पुण्याच्या तुझ्या विभागप्रमुखांना मी एवढंच कळवलं की ते काम तुझं होतं आणि फिल्म एकच झाली हे तू तेव्हाच बोलली होतीस. मला उत्तर लिहायची गरज नाही.

निघताना मी वाकून नमस्कार केला. मामांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. गंगीवहिनींना म्हणाले, "चिखल लई हाय, वाटंला लावून ये तिला." आणि तसेच बसून राहिले, पाठ भिंतीला, पाय लांब सोडून, मी ओहोळापलीकडे जाईपर्यंत.

रेश्मा विशे